मस्टँग घेऊ, कॅमॅरो घेऊ, की मोपारच्या नादाला लागू?

इथे मिशिगनमध्ये काही वर्षं काढली की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो, की एक जुनी अमेरिकन गाडी घ्यावी. घराचं लोन आटोक्यात आलेलं असतं, मुलं मोठी झालेली, गॅरेजमध्ये तिसरी जागा रिकामी, आणि ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मेळा भरतो तिथे एक संध्याकाळ घालवून आलं की मग झोपच लागत नाही. मग फोन येतो, फोर्डची मस्टँग घेऊ का शेव्हरोलेची कॅमॅरो, आणि एखादा हळूच विचारतो की डॉजची चॅलेंजर साधारण केवढ्याला पडेल. तेच तेच प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी माझी बाजू सांगते म्हणजे पुढचं वाचताना हिशोब धरता येईल. मी ज्या कंपनीत काम करते ती ब्रेकचे पार्ट बनवते, डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्या आमच्या गिऱ्हाईक, त्यामुळे फोर्डवाले, शेव्हीवाले (शेव्ही म्हणजे जनरल मोटर्सची, म्हणजे जीएमची, शेव्हरोले) आणि मोपारवाले (क्रायस्लर, डॉज, प्लायमाउथ या सगळ्यांना मिळून इथे मोपार म्हणतात) सगळे ओळखीचे. आणि माझ्या स्वतःच्या गॅरेजात '६७ ची मस्टँग आहे, २८९ घनइंचाच्या इंजिनवाली साधी कूपे, म्हणजे दोन दारांची. तरीही मी प्रत्येकाला मस्टँगच घे म्हणत नाही.

डेट्रॉइटमध्ये ब्रँड हा आवडीपेक्षा घराण्याचा विषय आहे. वडील डिअरबॉर्नला रूज प्लँटवर असतील तर घरात फोर्ड, फ्लिंटला ब्यूइकमध्ये असतील तर जीएम, हॅमट्रॅमकच्या डॉज मेनमध्ये असतील तर मोपार, कारण डिस्काउंट तर मिळायचंच पण घरातली चूलही त्याच पगारावर पेटायची. त्यातून एकमेकांना चिडवणं आलं. शेव्हीवाले फोर्डची अक्षरं फोडून 'फाउंड ऑन रोड डेड' म्हणतात, मोपारवाल्यांच्या टी-शर्टवर 'मोपार ऑर नो कार' लिहिलेलं असतं. पण या लोकांच्या शेजारी खुर्ची टाकून थोडा वेळ बसलात ना, तर कळतं की यातल्या बहुतेकांनी तरुणपणी कधीतरी दुसऱ्या कंपनीची गाडी वापरलेली असते आणि जी गाडी विकल्याची हळहळ अजून जात नाही ती बऱ्याचदा नेमकी तीच असते. आमच्याकडून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, डोक्यावर कायम शेव्हीची टोपी, पण बोलतात कशाबद्दल तर बायकोने लग्नाआधी घेतलेल्या '६५ च्या मस्टँगबद्दल. तिचा रंग सांगतात, हीटर लावला की सीटच्या रेक्झिनचा जो वास यायचा तो सांगतात, आणि त्याच दमात पावसात तिच्यात पाणी कुठून शिरायचं तेही सांगतात. मला हेच महत्त्वाचं वाटतं. स्वतःच्या कंपनीच्या गाडीबद्दल बोलताना माणसाचा अभिमान मधे येतो, दुसऱ्याच्या गाडीबद्दल मात्र तो प्रेमाने आणि तरीही खरं बोलतो. म्हणून गाडी निवडताना मस्टँगबद्दल शेव्हीवाल्याला विचारा, कॅमॅरोबद्दल फोर्डवाल्याला, आणि मोपारबद्दल या दोघांनाही. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी असंच गोळा केलंय.

तर मस्टँग. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती लोकांसमोर आली, किंमत २,३६८ डॉलर, पहिल्याच दिवशी २२ हजारांच्या वर ऑर्डरी, आणि मार्च १९६६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झालीसुद्धा. ली आयकोका तेव्हा फोर्ड डिव्हिजनचे प्रमुख होते आणि त्यांची युक्ती अशी की खालचा सांगाडा साध्या घरगुती फाल्कनचा घ्यायचा आणि वर लांब बॉनेट, आखूड डिकी असं देखणं शरीर बसवायचं, म्हणजे खर्च कमी आणि पोरापोरींना परवडेल अशी गाडी. पहिल्या नंबरची मस्टँग तर चुकून विकलीच गेली होती, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या स्टॅनली टकर नावाच्या पायलटला, आणि ती परत मिळवायला फोर्डने त्याला दहा लाख एकावी मस्टँग दिली. ती पहिली गाडी आता डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे, पाहुणे आले की त्यांना घेऊन जा आणि स्वतःही जवळून बघून घ्या.

इतक्या गाड्या बनल्या म्हणून आजही पार्टचा तुटवडा नाही, दाराच्या रबरापासून अख्ख्या मडगार्डपर्यंत सगळं नवीन बनून मिळतं, आणि पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय कुठली नाही. इंजिन समजायला सोपं, डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) पुढच्या बाजूला, उभ्या उभ्या टायमिंग लावता येतं. ओळखायला एक सोपी खूण सांगते. सिक्स सिलिंडर मस्टँगच्या चाकाला चार नट असतात आणि व्ही-एटच्या चाकाला पाच. म्हणजे बॉनेटखाली व्ही-एट आणि चाकाला चार नट दिसले तर ती गाडी फॅक्टरीतून सिक्स म्हणून निघालेली आहे, इंजिन नंतर कोणीतरी टाकलंय, आणि ब्रेक बहुतेक जुने बारीकच राहिलेत. नंबर प्लेटवरच्या नंबरकडे बघू नका, गाडीच्या सिरियल नंबरमधलं पाचवं अक्षर बघा, सी म्हणजे २०० हॉर्सपॉवरचं साधं २८९, ए म्हणजे २२५ वालं, के म्हणजे २७१ वालं हाय-पो (हाय परफॉर्मन्स), ज्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात, आणि टी म्हणजे सिक्स. हे '६५-'६६ चं.

आता शेव्हीवाले काय सांगतात ते ऐका. पाणी. काचेच्या पायथ्याशी वायपरखाली हवा आत घ्यायची जाळी असते, त्याला काउल म्हणतात, तिच्या आतला पत्रा गंजून भोक पडलं की पावसाचं पाणी थेट तुमच्या बुटांवर. वरून काहीच दिसत नाही. दुरुस्ती करायची तर मडगार्ड काढून, वेल्डचे टाके ड्रिलने सोडवून आतला पत्रा बदलावा लागतो, आणि ते काम रंगापेक्षा महाग पडू शकतं. म्हणून गाडी बघायला जाताना बादलीभर पाणी मागा, जाळीवर ओता, कार्पेट उचलून हात लावा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा, खरंच सांगते. दुसरी गोष्ट, पेट्रोलची टाकी वरून बसवलेली असते आणि टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ, मागून जोरात धडक बसली तर काय होऊ शकतं ते सांगायला नको. तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि हा माझ्या पोटापाण्याचा विषय असल्यामुळे जरा जास्त बोलते. '६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा, म्हणजे चारही चाकांना एकच सर्किट, कुठेही एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकणार आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. '६७ पासून दोन कप्पे आले, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. तसंच '६७ ला फोर्डने गाडी थोडी रुंद केली त्यामुळे बॉनेटखाली हात घालायला जागा झाली, आधीच्या गाड्यांत दोन्ही बाजूंचे शॉकचे टॉवर इंजिनला इतके चिकटून असतात की प्लग बदलताना बोटं सोलवटून निघतात. दिसायला '६५-'६६ नाजूक आणि सुंदर हे मलाही मान्य, पण चालवायला घेत असाल तर '६७ किंवा '६८ बघा, आणि '६५-'६६ च हवी असेल तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवून मगच घरच्यांना घेऊन निघा.

'६७ चा अजून एक फायदा आहे जो लोकांना पटकन कळत नाही. '६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा फॅक्टरी डेटा उपलब्ध आहे, मार्टी रिपोर्ट नावाचा कागद पैसे भरून मागवता येतो, त्यात ही गाडी कधी बनली, कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनसह, कुठल्या डीलरकडे गेली हे सगळं येतं. म्हणजे विकणाऱ्याने कितीही रंगवून सांगितलं तरी खरं-खोटं तुमच्या हातात. हा मुद्दा लक्षात ठेवा कारण कॅमॅरोची खरी अडचण इथेच सुरू होते.

मस्टँग इतकी खपली की शेव्हीला गप्प बसणं शक्यच नव्हतं, पण उत्तर द्यायला त्यांना जवळजवळ अडीच वर्षं लागली. २९ सप्टेंबर १९६६ ला '६७ चं मॉडेल म्हणून कॅमॅरो शोरूममध्ये आली, किंमत २,४६६ पासून. पत्रकारांनी विचारलं कॅमॅरो म्हणजे काय, तर शेव्हीवाल्यांनी सांगितलं, मस्टँग खाणारं एक छोटं खुनशी जनावर. अजूनही वुडवर्डवर कोणीतरी हे वाक्य मस्टँगवाल्याच्या तोंडावर फेकतोच. आणि उशिरा आल्याचा फायदाही झाला, कारण मस्टँगमध्ये काय कमी आहे ते बघून त्यांनी गाडी बनवली. पुढचा अर्धा भाग वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे छोट्या सांगाड्यावर, रबराच्या बुशांवर बोल्टने बसवलेला, त्यामुळे शॉकचे ते टॉवर नाहीत, बॉनेट उघडलं की मोठं इंजिनसुद्धा ऐसपैस बसलेलं. ज्या ३५० इंजिनवर पुढे शेव्हीने कित्येक वर्षं काढली ते पहिल्यांदा '६७ च्या कॅमॅरोतच आलं. ट्रान्स-ॲम रेसिंगमध्ये इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती म्हणून ३०२ घनइंचाचं खास इंजिन बसवून झेड/२८ काढली, पहिल्या वर्षी त्या फक्त ६०२ बनल्या, आणि कागदावर २९० हॉर्सपॉवर लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात जास्त होती हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं.

मी स्वतः मस्टँगवाली, पण सांगते, '६९ ची कॅमॅरो उभी असली की माझे पाय तिथेच थांबतात. ते मागच्या चाकापर्यंत ओढलेले पत्र्याचे फुगवटे, हगर ऑरेंज रंग, आतले हाउंडस्टूथच्या चौकड्यांचे सीट. मॉडेल वर्ष लांबलं त्यामुळे त्या वर्षी २,४३,०८५ गाड्या बनल्या. चालवायलाही तिचं स्टीअरिंग आणि पुढची पकड मला मस्टँगपेक्षा जास्त घट्ट वाटते. स्मॉल ब्लॉक शेव्ही इंजिन म्हणजे या देशातल्या प्रत्येक मेकॅनिकला पाठ असलेलं इंजिन, कुठल्याही गावात अडलात तरी पार्ट आणि माणूस दोन्ही मिळणार.

मग फोर्डवाल्यांना काय आठवतं? त्यांना आठवतात पहिल्या वर्षीच्या गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे. '६७ ला मागे दोन्ही बाजूंना एक-एकच पाटा दिला होता, दणकून ॲक्सिलरेटर दाबला की मागचा ॲक्सल उड्या मारायला लागायचा, सिग्नलला मस्टँगशी रेस लावली की पहिल्या काही फुटांत कॅमॅरो नुसती थरथरत राहायची असं आमचा एक फोर्डवाला अगदी हात हलवून सांगतो. '६८ ला शेव्हीने जास्त ताकदीच्या मॉडेलना जास्त पाटे दिले आणि एक शॉक ॲक्सलच्या पुढे, एक मागे असे लावले, मग ते बरंच कमी झालं. कन्व्हर्टिबलमध्ये तर अंग थरथरू नये म्हणून चार कोपऱ्यांत वजनाचे डबे बसवलेले असतात, लोक त्याला कॉकटेल शेकर म्हणतात, कोणी ते काढून टाकले असतील तर गाडी खड्ड्यात हादरते. गंज बघायचा तो मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत, डिकीच्या तळाशी आणि सबफ्रेम जिथे बोल्टने जोडलीय तिथे. ते जोड सडले असतील तर दारांच्या फटी सारख्या राहत नाहीत, दार उघडून लावून बघितलं की लगेच समजतं.

आता ती अडचण. कॅमॅरोचा सिरियल नंबर फार कमी बोलतो. १२३ ने सुरू झाला तर सिक्स, १२४ ने सुरू झाला तर व्ही-एट, एवढंच. ती एसएस (सुपर स्पोर्ट, जास्त ताकदीचं मॉडेल) होती का, झेड/२८ होती का, हे त्या नंबरवरून कळत नाही, आणि मार्टी रिपोर्टसारखा फॅक्टरीचा कागद इथे मागवता येत नाही. त्यामुळे साधी व्ही-एट कूपे घ्यायची, बॅज लावायचे, पट्टे मारायचे, बॉनेट बदलायचं आणि एसएस म्हणून विकायची, हे प्रकार वर्षानुवर्षं चालू आहेत. बऱ्याच इंजिनांवर गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे कोरलेले असतात ते जुळवून बघतात, त्याला मॅचिंग नंबर्स म्हणतात, पण ते आकडे घासून परत कोरणारेही आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की एसएस किंवा झेड/२८ चे जास्तीचे पैसे फक्त मूळ कागद असतील तरच द्या, विंडो स्टिकर, डीलरचं बिल, प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीबरोबर मिळायची ती धातूची पट्टी) वगैरे, आणि शेव्हीच्या जाणकार माणसाकडून तपासून घ्या. नाहीतर सरळ 'साधी व्ही-एट कॅमॅरो' या भावाने बोला, त्यात काहीच कमीपणा नाही, चालवायला ती तितकीच मजेची. आणि एक आडवाटेचा पर्याय, पाँटिॲक फायरबर्ड. तीच गाडी, वेगळं नाक, वेगळं इंजिन, फेब्रुवारी १९६७ मध्ये आली, आणि पाँटिॲकचे फॅक्टरी रेकॉर्ड पीएचएस नावाच्या संस्थेकडून मागवता येतात. कॅमॅरोइतकी गर्दी तिच्यामागे नाही.

मोपारकडे येते. यांची तक्रार अशी की पहिले आम्हीच होतो आणि कोणाला आठवत नाही, आणि ते खरं आहे. प्लायमाउथ बॅराकुडा १ एप्रिल १९६४ ला आली, मस्टँगच्या दोन आठवडे आधी. व्हॅलियंटच्या सांगाड्यावर मागे ही एवढी मोठी गोल काच बसवलेली. पण पुढून ती व्हॅलियंटच दिसायची, आणि मस्टँगच्या वादळात कोणी वळून बघितलं नाही. लोकांच्या मनात बसलेली ती १९७० ची बॅराकुडा आणि तिची बहीण डॉज चॅलेंजर, रुंद, बसकी, जांभळ्या रंगात (डॉजवाले त्याला प्लम क्रेझी म्हणायचे), आत ४२६ घनइंचाचं हेमी इंजिन, ४२५ हॉर्सपॉवर. रंग बघितला तरी छाती दडपते. पण त्या आल्या तेव्हा लग्न आटोपत आलेलं होतं, इन्शुरन्स कंपन्यांनी तरुणांचे प्रीमियम वाढवलेले, प्रदूषणाचे नियम येत होते, दुसऱ्याच वर्षी चॅलेंजरची विक्री निम्म्याहूनही खाली आली, मग १९७३ चं तेलाचं संकट, आणि १९७४ ला दोन्ही बंद. कमी बनल्या, त्यातल्या बऱ्याच गंजल्या किंवा ठोकल्या गेल्या, म्हणून आज त्या महाग. तिघींत सगळ्यात महाग, आणि पत्र्याचे पार्टही सगळ्यात महाग.

मोपारवाल्यांबद्दल फोर्ड आणि शेव्हीवाले दोघंही एक गोष्ट आदराने सांगतात, ती म्हणजे त्यांचं इंजिनिअरिंग. पुढे कॉइल स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), त्यामुळे गाडीची उंची बोल्ट फिरवून कमी-जास्त करता येते. टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जो मोडत नाही म्हणून नावाजलेला. आणि तो स्टार्टर! १९६२ पासून क्रायस्लरने गिअर रिडक्शनवाला स्टार्टर वापरला, त्याचा आवाज इतका वेगळा की डोळे मिटून ओळखता येतो, लोक त्याला हायलंड पार्कचा हमिंगबर्ड म्हणतात, कारण क्रायस्लरचं मुख्यालय तेव्हा हायलंड पार्कला होतं. वुडवर्डला संध्याकाळी गाड्या निघायला लागल्या की तो आवाज ऐकून सत्तरीचे लोक बोलता बोलता थांबतात, कोणाच्या वडिलांची गाडी आठवते, कोणाला पहिल्या पगाराची. दोष विचाराल तर फिटिंग-फिनिशिंग, '७० च्या चॅलेंजरची दारं आणि पॅनल नव्या गाडीतही नीट जुळलेली नसायची असं दोन्हीकडचे सांगतात, मागचं दिसत नाही, आणि फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) इग्निशनचा बॅलास्ट रेझिस्टर कधी जाईल सांगता येत नाही म्हणून जुने मोपारवाले एक जास्तीचा कायम डॅशच्या कप्प्यात ठेवतात. अजून एक, साधारण '७० पर्यंतच्या मोपारमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. माहीत नसेल तर पंक्चर काढताना जोर लावून स्टडच तुटतो.

इथे एक आपल्याकडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आई-वडील भारतातून आले की त्यांना वुडवर्डला नेतात सगळे. मस्टँग, कॅमॅरो बघून ते 'छान आहे' म्हणतात आणि पुढे जातात. पण चाळीस-पन्नासच्या दशकातली प्लायमाउथ किंवा डॉज दिसली की मुंबईची जुनी माणसं थबकतात. कारण वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो जोडायची, त्याच्याही आधी १९२८ पासून जीएमचा शिवडीला प्लँट होता, आणि या मोठाल्या गाड्या पुढे कित्येक वर्षं मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होत्या. माझे सासरे गिरगावातले, ते अशा एका प्लायमाउथच्या मागच्या सीटवर हात ठेवून किती जण कोंबून बसायचे ते सांगत उभे राहिले, आणि गाडीचा मालक, मूळचा पक्का डॉज मेनवाल्याचा मुलगा, ते सगळं ऐकत बसला. दोघांची भाषा अर्धीच जुळत होती पण कोणाचंच काही अडलं नाही.

तर मोपार घ्यायचीच असेल तर पहिल्याच फटक्यात चॅलेंजर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. डार्ट बघा. तिसेक अंशात कलंडवून बसवलेलं २२५ चं स्लँट सिक्स इंजिन, ज्याच्या टिकाऊपणाबद्दल फोर्डवालेसुद्धा वाद घालत नाहीत, साधी चौकोनी गाडी, चार दारांचीही मिळते, आणि चॅलेंजरच्या पैशात दोन-तीन येतील. जरा जोर हवा असेल तर ३१८ किंवा ३४० वाली. चॅलेंजरमध्ये जे मोपारपण आहे ना, तोच टॉर्शन बार, तोच गिअरबॉक्स, तोच स्टार्टरचा आवाज, ते सगळं डार्टमध्ये आहे. दोन-चार वर्षं ती चालवा, हात बसू द्या.

घरात लहान मुलं असतील तर हे नीट वाचा. या गाड्यांत मागच्या सीटला असलाच तर फक्त कमरेचा पट्टा असतो, पुढच्या सीटला खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला तो १ जानेवारी १९६८ पासून बनलेल्या गाड्यांना. बूस्टर सीटला कमर आणि खांदा दोन्हीचा पट्टा लागतो, म्हणजे त्या वयाच्या मुलाला मागे बसवायचं तर आधी तीन पॉइंटचे पट्टे नीट मजबुतीकरण करून बसवून घ्यावे लागतील. '६८ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत डोक्यामागे आधार नाही, एअरबॅग तर कुठल्यातच नाही. मी तरी लहान मुलांना घेऊन फ्रीवेवर जाऊ नका असंच सांगेन, गावातल्या गावात आइस्क्रीम खायला जायला हरकत नाही.

पैशांचं थोडक्यात, कारण भाव सारखे हलतात. साधी सिक्स सिलिंडर मस्टँग कूपे आणि डार्ट सगळ्यात स्वस्त, मग २८९ ची कूपे, मग साधी व्ही-एट कॅमॅरो किंवा फायरबर्ड, त्याच्या वर मस्टँग फास्टबॅक आणि '६९ ची कॅमॅरो, आणि सगळ्यात वर मोठ्या इंजिनाच्या चॅलेंजर-बॅराकुडा. मस्टँगमध्येही कूपे आणि फास्टबॅक यात खूप फरक पडतो, तेच इंजिन, तीच गाडी, फक्त मागच्या छपराच्या उताराचे एवढे पैसे. ठरवलेल्या रकमेतला निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामाला बाजूला ठेवा. रबराच्या सगळ्या पेट्रोल नळ्या बदला, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. ऑइल झिंक जास्त असलेलं घ्या, नाहीतर जुन्या पद्धतीचा कॅम झिजतो. इन्शुरन्स नेहमीच्या पॉलिसीत टाकू नका, जुन्या गाड्यांची अग्रीड व्हॅल्यूची (आधीच ठरवलेल्या किमतीची) पॉलिसी वेगळी असते, आपल्या ट्रॅव्हर्स सिटीची हॅगर्टी त्यातलं मोठं नाव, पण रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि बंद गॅरेज आहे का ते विचारतात. मिशिगनची हिस्टॉरिक प्लेट स्वस्त पडते, मात्र तिच्यावर एरवी शो, परेड, क्लबचे कार्यक्रम अशाच कारणांसाठी गाडी काढायची, ऑगस्ट महिना तेवढा मोकळा. रोज संध्याकाळी फेरी मारायची असेल तर साधी प्लेटच घ्या.

गंजाचं एकदाच सांगते, तिघींनाही लागू. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्र्याला आतून खातं, वर चकाचक रंग असतो आणि खाली लांबी (पुटी) भरलेली असते. खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन जा, चाकांच्या कमानीवर आणि दाराच्या खालच्या कडेला लावून बघा, चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे. इंजिन उतरवून बांधता येतं, सीट शिवता येतात, पण सडलेला सांगाडा सरळ करायचा खर्च कधी संपत नाही. ॲरिझोना, कॅलिफोर्नियाची रंग उडालेली, डॅश तडकलेली पण कोरड्या पत्र्याची गाडी मी कधीही मिशिगनच्या चकाचक गाडीपेक्षा आधी घेईन. आणि लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मला विचाराल तर, पहिलीच जुनी गाडी, हात काळे करायची फारशी सवय नाही, बायको-नवऱ्याने मिळून रविवारी फिरायला जायचं, तर '६७-'६८ ची २८९ मस्टँग कूपे, मार्टी रिपोर्ट मागवून. स्वतः पाना हातात घ्यायची हौस आहे, जोर हवाय, पुढेमागे इंजिन बदलायचंय, तर साधी व्ही-एट कॅमॅरो, बॅजचे पैसे न देता, किंवा फायरबर्ड. आणि ज्याला लोकांपेक्षा वेगळं काहीतरी हवंय, कार शोला एका ओळीत दहा लाल मस्टँगमध्ये अकरावी लावायची नाहीये, त्याने डार्ट. चॅलेंजर फक्त त्याने घ्यावी ज्याच्याकडे आधीच एक जुनी गाडी आहे आणि मोपारचा एक तरी जाणकार मित्र आहे.

बघायला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघा, हिवाळाभर गॅरेज अडवून ठेवायचं नसतं म्हणून बरेच जण तेव्हा विकायला काढतात आणि भावाचंही बोलता येतं. जाताना ज्या कंपनीची गाडी बघायचीय तिच्या विरोधी कंपनीचा एखादा म्हातारा माणूस सोबत न्या, गाडीत घालून न्या, परत येताना जेवण द्या. डेट्रॉइटच्या आसपास राहत असाल आणि ओळखीचं कोणी नसेल तर मला मेसेज करा, माझ्या ओळखीत तिन्ही घराण्यांची माणसं आहेत आणि जुनी गाडी बघायला चल म्हटलं की त्यांच्यातलं कोणी नाही म्हणत नाही.